दुसरं उड्डाण

कोल्हापुरात चार माणसं एका कामासाठी एकत्र आली की मंडळ होतं, आणि मंडळ झालं की त्याला वस्ताद लागतो. मग ते मंडळ कुस्तीचं असो, गणपतीचं असो, नाहीतर बॅटरीवर उडणाऱ्या विमानांचं असो. 'जय हनुमान मॉडेल विमान मंडळा'लाही वस्ताद होते, आणि ते नावापुरते नव्हते. हंबीररावांचे दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यातच विरघळलेली. ऐन उमेदीत गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि गडी मातीतून जो उठला तो थेट आभाळात गेला. कुणा पाहुण्यानं परदेशातून आणलेलं रिमोटचं विमान त्यांनी एकदा हातात घेतलं आणि त्यातच त्यांचा जीव रमला.

कुस्ती सुटली तरी तिची भाषा काही सुटली नाही. नवं विमान समोर आलं की वस्ताद आधी त्याच्या पंखाला थाप मारायचे. धड उतरलं तर "राखलं" म्हणायचे, आपटलं तर "चितपट". नव्या भिडूनं कितीतरी महिने रिमोटला हात लावायचा नाही. पडलेल्या विमानांचे तुकडे गोळा करायचे, बॅटऱ्या चार्ज करायच्या, बाकीच्यांचं बघून शिकायचं.

आणि चिमटा. दोन हजार सात सालच्या त्या रिमोटांची एक खोड होती. एकाच चॅनेलवर दोन रिमोट चालू झाले की विमान दोघांचंही ऐकायचं नाही. म्हणून वस्तादांनी कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा लाल रंगात बुडवून ठेवला होता. तो ज्याच्या कॉलरला, त्यानंच रिमोट चालू करायचा. बाकीच्यांनी हात मागं बांधून उभं राहायचं. चिमट्याशिवाय बटण दाबलं तर वस्ताद चुकलेल्या माणसाच्या पाठीवर जी थाप द्यायचे, ती पंखावरच्या थापेसारखी नसायची.

सुष्मिताचा नवरा सोमशेखर ह्या मंडळाचा जुना सभासद. शाहूपुरीत पंपांचं दुकान, स्वभाव लोण्यासारखा, विमानाचं वेड डोक्यात भिनलेलं. पण त्याच्या विमानांना पहिलं उड्डाण असायचं. दुसरं नसायचं.

एक विमान कडुलिंबात गेलं. एक म्हशींच्या डबक्यात गेलं आणि म्हशीनंच ते शिंगावर घेऊन वर आणलं. दिवाळीत उसात शिरलेलं तिसरं थेट तोडणीच्या वेळी सापडलं. तोडकऱ्यांनी ते आणून दिलं तेव्हा त्याच्या पोटात मुंगळ्यांचा संसार सुखानं चालला होता. प्रत्येक वेळी सोमशेखरकडं कारण तयार असायचं. कधी वारा फिरला, कधी बॅटरी बसली, कधी शेपूट हलवणारी मोटार अडकली. आपला हात चुकला असं मात्र कधी झालं नाही.

सुष्मिता इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, सुताची तुटलेली टोकं न बघता जोडणारी. सुरुवातीला ती नुसती डिंक सुकेपर्यंत दोन तुकडे धरून बसायची. मग एके दिवशी सोमशेखर थर्मोकोलचा पंख कापत होता, म्हणजे भाकरी तोडावी तसा तोडत होता, ते तिला बघवेना. "आणा इकडं," म्हणाली. जुन्या इस्त्रीची तार धनुष्यासारखी ताणून तापवायची आणि तिनं थर्मोकोल कापायचा, अशी ती युक्ती. तार अशी अलगद उतरली की कापलेली कड दुधाच्या सायीसारखी निघाली. त्या दिवसापासून सुष्मिता विमानात अडकली.

पण वेळ कुठला? लेक दानेश्वरी, म्हणजे दानू, अजून वर्षाचीही नव्हती. दुपारी ती झोपायची तेवढाच काय तो वेळ सुष्मिताचा. पोर पाळण्यात टाकायची, पाय न वाजवता स्वयंपाकघरात यायचं, भाकरीची परात बाजूला सारायची आणि त्या जागी पंख ठेवायचा. बाल्सा म्हणून एक लाकूड असतं, हातात घेतलं तर घेतलंय असं वाटतच नाही इतकं हलकं. त्याच्या पट्ट्यांचं पोट तिनं तासून तासून जुळवलं, त्यावर पिवळी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता ओढली. दानू उठून रडली की हात तसेच पुसून धावायचं. थर्मोकोलचा एखादा दाणा बोटाला चिकटून यायचा आणि दानूच्या गालावर जाऊन बसायचा. झटकला तर नाकावर, नाकावरून भुवईवर. पोर डोळे तिरपे करून त्याच्याकडं बघायची आणि रडायचं विसरायची.

विमान उडवायलाही ती अशीच चोरून शिकली. सोमशेखरनं कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ टाकून ठेवला होता, सोबत एक दांडी. सुष्मिता दानूला अंगावर पाजत त्या जाड पडद्यासमोर बसायची. डाव्या हातावर पोरीचं डोकं, उजव्या हातात दांडी. सुरुवातीला पडद्यावरचं विमान सारखं जमिनीत घुसायचं आणि ती घाईनं आवाज बंद करायची, पोर दचकेल म्हणून. पुढं पुढं आवाज बंद करायची गरज उरली नाही.

ही गोष्ट घरात फक्त सासूला ठाऊक होती. शांतव्वांच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. त्यांचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकातलं, त्यामुळं सुष्मिता त्यांना कानडी वळणानं 'आत्ती' म्हणायची. आत्ती दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विमानाकडं बघून विचारायच्या, "तुझी थोरली पोरगी कुठवर आली?"

"पंख लागले, आत्ती. आता हिला वजनानं समतोल करायचं. शेपूट जड नको, नाक जड नको."

"आन् पोटात काय?"

"पोट रिकामंच असतं."

"रिकामं?" आत्तींच्या कपाळाला आठी पडायची. आणि त्या वाकून विमानाच्या पोटात बघायच्या.

विमान पुरं झालं त्या संध्याकाळी सोमशेखर त्याच्याभोवती फिरफिरून दमला. "काय बांधलंयस गं! ऐक, रविवारी माळावर नेऊ. पहिलं उड्डाण मी करतो, नीट बघतो सगळं. दुसरं तुझं. मग दिवसभर तुझंच."

"हं," सुष्मिता म्हणाली.

म्हणाली खरी, पण पंखावरचा हात काढला नाही. सोमशेखरच्या हातातून विमानाचं दुसरं उड्डाण आजवर कुणी बघितलंय? त्यानं पहिलं केलं म्हणजे तिचं कधीच होणार नाही. आणि हे विमान गेलं तर एवढ्या दुपारी पुन्हा कुठून आणायच्या? दानू आता रांगायला लागली होती. झोप कमी झाली होती. पण नवऱ्याचा चेहरा असा फुललेला, की त्याला नाही म्हणायचं म्हणजे पोराच्या हातातली बर्फी काढून घेण्यासारखं.

रविवारी सकाळी दानूला न्हाऊमाखू घालून सुष्मिता बाहेर आली तर आत्ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून ओमनी गाडीत आधीच बसलेल्या. मांडीवर विमानाचं धड, पंख काढून ठेवलेलं, वर धुतलेला टॉवेल पांघरलेला.

"आत्ती, तुम्ही कुठं?"

"घरातली पोरगी पहिल्यांदा भायेर चाललीय. आन् मी काय घरात बसू?"

माळ शिरोळच्या वाटेवर होता. वस्तादांच्या कुणा सोयऱ्याचा, तिन्ही अंगांनी ऊस आणि मधे मोकळा. मंडळी जमली होती. कृष्णातही होता. कृष्णातचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, आणि क्रिकेटच्या सामन्यापासून कुस्तीच्या मैदानापर्यंत सगळीकडं तोच बोलायचा. विमानाच्या माळावर त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपला माइक घेऊन यायचा आणि उसाला ऐकवायचा.

"मंडळी, माळावर आगमन होतंय शाहूपुरीचे सुप्रसिद्ध विमानवीर सोमशेखरअण्णांचं! मागल्या येळी ज्यांनी म्हशीला विमान शिकीवलं, तेच हे अण्णा!"

"गप की रे," सोमशेखर म्हणाला, पण हसत. त्यानं टॉवेल काढला, आणलेला पंख धडावर ठेवला आणि रबरं ताणून बांधून टाकला. एवढं एक काम त्यानं आपल्याकडं घेतलं होतं. पंख बसवण्याआधी धडात डोकावून बघायचं असतं. पण त्याचं लक्ष आपल्याकडं कोण कोण बघतंय इकडंच होतं.

वस्ताद लंगडत आले. पिवळं विमान उचललं, डोळ्यांसमोर धरलं, एकदा उलटं करून बघितलं. मग पंखाला थाप मारली. आवाज घट्ट आला. वस्तादांची भुवई वर गेली.

"अंग तयार हाय गड्याचं. कुणी बांधलं?"

"घरीच बांधलंय, वस्ताद," सोमशेखर कॉलर पुढं करत म्हणाला. चिमटा लावायला सोपं जावं म्हणून.

"घरात कुणी?"

"म्हणजे... आम्ही."

"आम्ही?" आत्ती पुढं झाल्या. कृष्णातनं माइक तसाच हातात लोंबता धरला होता आणि तो चालू होता. "तू कवा बांधलास रे? डिंकाच्या बाटलीचं झाकण तरी उघडलास का? माझ्या सुनंनं बांधलंय हे, पोरगी निजवून निजवून! तू नुसता येऊन 'आहा' म्हणत हुतास!"

हे सगळं माळभर आणि वर उसाच्या पार पलीकडं घुमलं. दूर कुठंतरी एक ट्रॅक्टर थांबला.

सोमशेखरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, माइक चालू हाय."

"असू दे की. खोटं बोलतो का मी?"

वस्तादांनी चिमटा हातात फिरवला. "आपल्यात रीत काय हाय? मेहनत ज्यानं केली, मैदानात तो उतरंल. दुसऱ्याच्या जोरावर लंगोट बांधायचा न्हाय." मग सुष्मिताकडं वळले. "पोरी, कधी उडीवलंयस?"

"कॉम्प्युटरवर."

मंडळी हसली. कृष्णातनं माइक तोंडाशी नेला, पण वस्तादांनी नुसतं बघितल्यावर खाली केला.

"कॉम्प्युटरवर कुस्ती होत न्हाय," वस्ताद म्हणाले. "रिमोट धर बघू."

सुष्मितानं धरला. दोन्ही अंगठे दांड्यांच्या टोकावर, बाकीची बोटं सैल. वस्ताद तिच्या बोटांकडं बघत राहिले. मग सोमशेखरकडं बघितलं, जो रिमोट शेळीचा कान धरावा तसा धरायचा.

"लाव ह्यो," म्हणून चिमटा त्यांनी तिच्या हातात ठेवला. तिनं तो ओढणीला लावला.

आणि मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्याची कॉलर अजून तशीच पुढं होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "दानूला घेता?"

सोमशेखरनं पोर घेतली. "हळू दाब हं," तो पुटपुटला. "एकदम ओढू नको." आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

वस्तादांनी विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून बघितलं. शेपूट किंचित खाली गेली.

"मागं जड हाय."

"घरी तर सरळ राहत होतं," सुष्मिता म्हणाली. "मी स्वतः बघितलंय."

"बोटं खोटं बोलत न्हाईत. बॅटरी म्होरं सरकीव."

बॅटरी पुढं सरकवली. विमान सरळ झालं. सुष्मिताला काही पटेना, पण वस्तादांपुढं काय बोलणार? कृष्णातनं माइक काखेत मारला, विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळाला आणि "जाऊ दे रं!" म्हणून भिरकावलं.

पिवळं विमान वर चढलं. आवाज कसा, तर मधमाशी कानाशी गुणगुणावी तसा. सुष्मिताच्या छातीत तेच गुणगुणायला लागलं. तिनं मान वर केली, तोंड उघडं पडलं, आणि क्षणभर तिला दानू, दुपारी, दुकान, कुणीच आठवेना.

मग विमानाचं नाक वर व्हायला लागलं. तिनं काही न करता. आणखी वर. आणखी. बिथरलेल्या घोड्यासारखं विमान मागच्या पायांवर उभं राहिलं, दमलं आणि मागं घसरलं. ती घाबरून दांडी पुढं दाबते तर नाक खाली पडलं, आणि असं पडलं की थांबायचं नाव नाही. ओढलं तर पुन्हा वर, थेट उभं.

"मंडळी!" कृष्णातला कंठ फुटला. "विमान सूर्यनमस्कार घालतंय! एक झाला! ह्यो दुसरा!"

"दाब!" वस्ताद ओरडले. "सोड! आगं दाब म्हनलो ना! सोड!"

"मला दे! मला दे इकडं!" सोमशेखर दानूला काखेत मारून धावत आला. दानूला हा प्रकार फारच आवडला होता. ती टाळ्या पिटत होती.

"थांबा!" सुष्मिता म्हणाली. तिच्या तोंडून नवऱ्यासाठी असा आवाज कधी निघाला नव्हता. तो जागीच थबकला.

कॉम्प्युटरवरचं कुठलंच विमान असं वागलं नव्हतं. पण असं वागणारं एक जण तिला चांगलं ठाऊक होतं. दानू. झोप आली की कडेवर अशीच करायची. एकदम मागं कलंडायची, सावरायला जावं तोवर खांद्यावर आदळायची. तिला हात कडक करून धरता येत नाही. ती कलंडायच्या आत आपणच थोडं तिच्याबरोबर कलायचं असतं, आणि मग हळूच सरळ व्हायचं. ह्या विमानाच्या पोटातही काहीतरी कलंडत होतं. काय, ते देव जाणे. पण कलंडत होतं.

तिनं पंख्याचा जोर कमी केला. नाक उचलायच्या आतच अंगठा नखभर पुढं. पडायच्या आत नखभर मागं. पुन्हा पुढं. लाटा लहान झाल्या. सूर्यनमस्कार मोडले. विमान अजून डुलत होतं, पण आता ते झोप येत असल्यासारखं डुलत होतं.

"राखतीय," वस्ताद स्वतःशीच म्हणाले. "पोरगी राखतीय."

आणि तेवढ्यात विमानाच्या पोटाखालून काहीतरी हिरवं बाहेर आलं.

मोटार तापू नये म्हणून तिनं पोटाच्या मागच्या बाजूला हवेला जायला एक खिडकी ठेवली होती आणि पहिल्या दिवसापुरती ती चिकटपट्टीनं झाकली होती. ती पट्टी आता सुटली होती. आतून हिरव्या कापडाचं टोक फडफडत आलं, मग हातभर आलं. जरीचा काठ उन्हात चमकला.

"मंडळी," कृष्णात अगदी हळू आवाजात म्हणाला, तरी माळभर ऐकू गेलं. "विमानानं पदर सोडलाय."

विमान वळून मंडळींच्या डोक्यावरून गेलं, आणि वरून तांदूळ पडले. पिवळे, हळद लावलेले. वस्तादांच्या टकलावर पडले, दानूच्या झबल्यावर पडले, माइकवर टपटपले.

"अक्षता!" कृष्णात आता आवरेना. "मंडळी, अक्षता पडाय लागल्यात! शुभमंगल सावधान! कुणाचं लगीन लागतंय ते बघा, मागनं भांडू नका!"

ओमनीच्या टपावर खण्णकन काहीतरी वाजलं आणि टणाटण उड्या मारत खाली आलं. सोमशेखरनं वाकून उचललं. सुपारी.

त्यानं सुपारीकडं बघितलं. मग आईकडं. हळूहळू सगळ्या माळानं आत्तींकडं बघितलं, सुष्मिता सोडून. तिला वरून नजर काढता येत नव्हती. पण तिलाही कळलं होतं.

"आत्ती," मान वर ठेवूनच ती म्हणाली, "तुम्ही तिची ओटी भरलीत?"

"मग?" आत्तींनी पदर सावरला. "घरातली लेक पहिल्यांदा उंबरा वलांडतीय, आन् रिकाम्या पोटानं? तूच म्हनलीस न्हवं का, पोट रिकामं असतंय? मला रात्रभर झोप न्हाय. खणात बांधून घातली आतल्या अंगाला, तू पोरीला न्हाऊ घालत हुतीस तवा."

"अगं आई!" सोमशेखर कपाळावर हात मारत होता, पण एका काखेत दानू आणि एका हातात सुपारी, त्यामुळं सुपारीच कपाळावर बसली. "विमानात वजन चालत न्हाय!"

"ते का मला कळत न्हाय? पाच मुठी भरायची रीत हाय. वजनाचं ऐकलं हुतं म्हणून दोनच घातल्या. खोबऱ्याची वाटी तर घातलीच न्हाय, नुसता तुकडा." आत्तींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझ्या हातनं एवढी बारकी ओटी आजवर कुणाची भरली न्हाय. तरी तुम्ही मलाच बोला."

वस्तादांनी टकलावरचे तांदूळ झटकले नाहीत. देवाधर्माचं होतं.

वर हिरवा खण एकदाचा सुटला, गिरक्या घेत उसाकडं गेला, आणि विमान हलकं झालं. ते सुष्मिताला बोटांत कळलं. दिवसभर कडेवर असलेलं पोर कुणी तरी घ्यावं आणि खांदा एकदम वर यावा, तसं. आता नाक वर गेलं की ती थोडं दाबायची आणि ते राहायचं. बॅटरी पुढं सरकवलेली होती, म्हणून नाक किंचित जड होतं. तेवढं तिनं अंगठ्यानं उचलून धरलं. उजवीकडं म्हटलं की उजवीकडं. सावकाश, मोठ्या गोल फेरीत ते माळावरून गेलं, उसाच्या कडेनं वळलं, परत आलं. सगळ्यांच्या माना त्याच्यामागं फिरत होत्या. कृष्णातचीसुद्धा.

"आवाज बदलला," वस्ताद म्हणाले. "बॅटरी उतरतीय. आण खाली. घाई करू नगंस."

उतरवणं हे उडवण्याहून अवघड. इथंच सगळे चितपट होतात. सुष्मितानं जोर काढून घेतला. विमान खाली येऊ लागलं, जमिनीवरची त्याची सावली मोठी होत वर यायला लागली, आणि दोन्ही एकमेकांना भेटायच्या आधी तिनं नाक एवढंसं उचललं. चाकं टेकली. विमानानं एक उडी मारली, ते पुन्हा टेकलं, गवतावरून थरथरत धावलं आणि थांबलं. अख्खं. दोन पंख, एक शेपूट, एक नाक.

"बंतु! बंतु!" आत्ती ओरडल्या. फार आनंद झाला की त्यांना मराठी सुचायचं नाही. आली गं आली, असं त्या म्हणत होत्या. पोरीला कडेवर घ्यावं तशा त्या विमानाकडं धावल्या.

"राखलं!" वस्तादांनी मांडीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या पायाच्या, आणि कळवळत हसले.

सुष्मितानं रिमोट छातीशी धरला. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना. सोमशेखर जवळ आला. त्याचे डोळे ओले होते आणि लपवायला हात मोकळा नव्हता.

"काय उडवलंस गं," तो म्हणाला. "काय उडवलंस." मग घसा खाकरला. "आता... आता माझी पाळी, नव्हं?"

मंडळींना त्या विमानाचं पुढचं सगळं दिसत होतं. काहींनी उसाकडंही बघून घेतलं.

सुष्मितानं नवऱ्याकडं बघितलं. तिच्यासाठी पोर सांभाळत उभा राहिलेला, भर माळावर आईनं फजिती केलेली, तरी न चिडलेला. ह्याला नाही म्हणायचं? आणि मग तिनं विमानाकडं बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं पण ठरलं होतं की आपलं!"

"काय ठरलं होतं? पहिलं तुमचं, दुसरं माझं. होय ना?"

"व्हय."

"पहिलं झालं. आता जे होणार ते दुसरं. ते माझं."

"आणि माझं पहिलं?"

"ते झालं."

"ते तर तू केलंस!"

"मग ते माझ्याकडून तुमचं झालं."

तो हिशेब लावत राहिला. शेवटी त्यानं न्यायासाठी वस्तादांकडं बघितलं. वस्तादांनी सुष्मिताच्या ओढणीवरच्या चिमट्याकडं बघितलं.

"कायद्यानं पोरीचं बरोबर हाय," ते म्हणाले.

"लगीन करताना इचार करायचा हुता अण्णा!" कृष्णात माइकवर म्हणाला.

सगळे हसले. सोमशेखरही हसला, आधी थोडं, मग खरंखुरं. सुष्मितानं आवाज खाली आणला, फक्त त्याच्यापुरता. "तुमच्यासाठी दुसरं बांधते. जाड पंखाचं. आपटलं तरी उसळी मारून उभं राहील असं. त्याचं पहिलंही तुमचं, दुसरंही तुमचं. शप्पथ."

"तिसरं?"

"तिसऱ्याचं तेव्हा बघू."

त्यानं दानूला आईकडं दिलं आणि गुडघ्यावर बसून विमान पुढं घेतलं. स्वतः बॅटरी बदलली. रबरं सोडून पंख उचलला आणि धडात हात घालून पार शेपटीपर्यंत चाचपलं. एक हळकुंड निघालं, खोबऱ्याचा तुकडा निघाला. खोबरं त्यानं तोंडात टाकलं आणि आईकडं बघितलं. "अजून काय?"

"काय न्हाय. आता मोकळीच हाय बिचारी," आत्ती नाराजीनं म्हणाल्या.

ह्या वेळी विमान सोमशेखरनंच डोक्यावर धरलं. पळाला, भिरकावलं, आणि मागं वळूनही न बघता धापा टाकत बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. विमान वर चाललं होतं. आता त्याच्या पोटात फक्त हवा होती.

"नाक जरा—" सोमशेखर म्हणाला.

"दिसतंय."

"नाही, म्हणजे उजवीकडं थोडं—"

"अहो."

"वाऱ्याचं बघ, वारा तिकडनं—"

"तुम्ही गप्प उभं राहा बघू."

आणि बॅटरी उतरेपर्यंत सोमशेखर खरंच गप्प उभा राहिला. मान वर, तोंड उघडं, बायकोच्या खांद्याला खांदा लावून. विमान जिकडं वळेल तिकडं तो कमरेतून थोडा थोडा वळत होता.